रस्त्यालगतच्या घरात रियाजाची खोली कशी राखावी

रस्त्यालगत राहणाऱ्यांनी अख्खं घर शांत करायच्या मागे लागू नये. एक खोली निवडावी, ती नीट करावी आणि मग रस्त्याकडे वळावं.

मी गाणं शिकवते. गोव्यात फोंड्याहून फर्मागुढीकडे चढणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर आहे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, पूर्वेला रस्ता, मागे पश्चिमेला परस आणि त्यात माड. रात्रभर मालट्रक खालच्या गिअरवर चढ चढत असतात. सकाळी खाजगी बसगाड्या एकमेकींच्या पुढे जायला हॉर्न देत धावतात. शनिवार-रविवारी सायलेन्सर बदललेल्या बुलेट येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गोव्यातल्या ४५ टक्क्यांहून जास्त घरांत मोटारगाडी असल्याचं नोंदलं गेलं. देशभरात हे प्रमाण ८ टक्क्यांच्याही आत होतं. ही सगळी वाहनं आमच्या दारावरून जातात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा गळा आणि कान आईबापांनी विश्वासाने माझ्या हवाली केलेले असतात, त्यामुळे हा विषय मी मनावर घेतला. गाणाऱ्यांसाठी लिहिते आहे, पण अभ्यासाला बसणारं मूल, दमेकरी आजोबा किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारी नर्स, यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी कान लावा, मग खिडकी पुसा

'रस्त्याचा आवाज' असा एक आवाज नसतो. खिडकीशी शांत बसा आणि कागदावर आवाज वेगवेगळे लिहा. चढावरची घरघर, हॉर्न, डांबरावर टायर घासल्याची सळसळ, फुटक्या सायलेन्सरचा फटफटाट, गटाराच्या सैल झाकणावरून चाक गेलं की होणारा खणखणाट. प्रत्येकाचा उपाय वेगळा. मोटारीचा वेग ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे गेला की इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा होतो, म्हणून मोकळ्या हायवेलगतच्या घराला वेगमर्यादा उपयोगी पडते. आमच्यासारख्या चढावर मात्र इंजिन आणि हॉर्न हेच मुख्य.

फोनवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप उतरवून घ्या. त्याचा आकडा तंतोतंत खरा नसतो आणि तो पुरावा म्हणून कोणी मानणार नाही, पण तुलनेला तो चालतो. फोन रोज एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवा, खिडकी उघडी आणि बंद अशा दोन्ही नोंदी घ्या. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. रस्त्यावरची वाहनं निम्मी झाली तरी आकडा फक्त ३ ने उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला तो साधारण १० ने उतरावा लागतो. म्हणून एखाद्या उपायाने २ डेसिबल कमी झाले तर त्यासाठी फार पैसे घालू नयेत.

अ‍ॅपचा आणखी एक तोकडेपणा गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. हे मोजमाप माणसाच्या कानाच्या बेताने केलेलं असतं आणि त्यात खालच्या पट्टीतले, जाड आवाज पुष्कळ कमी धरले जातात. सहा सिलिंडरचा मालट्रक मिनिटाला १४०० फेऱ्यांनी चढ चढत असेल तर त्याच्या इंजिनाचे ठोके सेकंदाला ७० पडतात. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सुराच्या) तारेची कंपनंही सेकंदाला ६९ च्या आसपास असतात. म्हणजे ट्रक नेमका खर्जावरच येऊन बसतो! आकडा लहान दिसतो आणि मुलाला मात्र आपला षड्ज, म्हणजे 'सा', ऐकू येत नाही. ते नकळत आवाज चढवतं, गळा ताणतं. पहाटेच्या खर्जाच्या रियाजाला माझ्या लेखी याहून मोठा शत्रू नाही. मोठ्याने गाऊन ट्रकवर मात करायला मुलांना कधीही सांगू नका; खोली बदला किंवा वेळ बदला.

आता हवा. खिडकीच्या चौकटीवर ओलं पांढरं फडकं फिरवा. लाल आलं तर ती मुख्यतः आपली चिऱ्याची माती आहे, रस्त्याच्या कडेची किंवा खोदकामाची. ते कण त्या मानाने जाड असतात आणि लवकर खाली बसतात. काळं, बोटाला चिकट लागणारं आलं तर त्यात डिझेलची काजळी आणि टायरची झीज आहे. काळ्याची चिंता जास्त करा. २.५ मायक्रॉनच्या आतले कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. माणसाचा केस त्याच्या वीसपटीहून जाड असतो. आपल्याकडे या बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर शहराचा हवा निर्देशांक दिसतो, तो जरूर पाहा. पण ते यंत्र जिथे बसवलं आहे तिथली ती हवा असते, तुमच्या खिडकीतली नव्हे. वाहनांचा धूर रस्त्याच्या पहिल्या शंभरेक मीटरांत सगळ्यात दाट असतो.

वाऱ्याचं वेळापत्रक

हा भाग नीट वाचा, कारण याला एक पैसाही लागत नाही.

पावसाळा सोडला तर गोव्यात वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. दुपारकडे समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. रात्री आणि पहाटे तो उलटतो, सह्याद्रीकडून समुद्राकडे मंद वाहतो. किनाऱ्यावर हा बदल लवकर जाणवतो, फोंड्यासारख्या आतल्या भागात थोडा उशिरा. तुमच्या घराला रस्ता कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि खिडक्यांच्या वेळा त्याप्रमाणे ठरवा. आमचा रस्ता पूर्वेला, म्हणून रात्रीचा आणि पहाटेचा वारा ट्रकचा धूर सरळ घरात आणतो. त्या वेळी रस्त्याकडची तावदानं बंद. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की परसाकडचं सगळं उघडं, आणि घरातली हवा रस्त्याकडे निघून जाते. रस्ता पश्चिमेला असलेल्या घराने याच्या नेमकं उलट करावं. पक्कं ठरवायचं तर उदबत्ती लावून खिडकीत धरा आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी धूर कुठे जातो ते पाहा. दोन इमारतींच्या मधल्या बोळात वारा स्वतःच्या मर्जीने वळतो, तिथे माझ्या सांगण्यापेक्षा उदबत्तीवर विश्वास ठेवा.

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या पहाटे सगळ्यात वाईट. जमिनीलगत थंड हवा बसते, वर उबदार थर येतो, धूर वर जातच नाही. त्याच थरामुळे आवाजही वर न जाता खाली वळतो आणि एरवी ऐकू न येणारा दूरचा ट्रकही ऐकू येतो. या महिन्यांत लहान मुलांना पहाटे बोलावत नाही. त्यांचा वर्ग दुपारी चारला घेते. खर्ज पहाटेच हवा असा मोठ्यांचा आग्रह असेल तर सगळं बंद करून मागच्या खोलीत. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, फक्त ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज वाढतो हे ध्यानात असू द्या.

खोली

रस्त्यापासून सगळ्यात दूरची खोली घ्या, मग ती लहान का असेना. मधल्या भिंती आणि खोल्या फुकटचा आडोसा देतात. पुढची पडवी कितीही देखणी असली तरी ती पाहुण्यांसाठी.

आवाज भिंतीतून येतो त्याहून कितीतरी जास्त फटीतून येतो. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी जरी फट उघडी राहिली तरी ती भिंत २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. रात्री खोलीत दिवा लावून बाहेरून बघा, कुठून उजेड दिसतो. दाराखालून, खिडकीच्या चौकटीभोवती, वायरीच्या भोकातून. जिथून उजेड बाहेर येतो तिथून आवाज आणि धूर आत येतो. दाराखाली रबराची पट्टी, चौकटीभोवती सिलिकॉन, झडपांना चिकटपट्टीचं रबर. हे काम घरातलं कोणीही एका दुपारी करू शकतं आणि पैशाच्या मानाने याचा गुण सगळ्यात जास्त.

जुन्या घरात कौलांकडे बघायला विसरू नका. भिंत कितीही चांगली असली तरी वासे आणि भिंतीच्या मधून, कौलांच्या सांध्यांतून आवाज वरून उतरतो. त्या एका खोलीला तरी खालून छत बसवून घ्या. लाकडी तक्तपोशी असेल तर तिच्या फळ्यांतल्या फटी बुजवा. चिऱ्याची भिंत जाड आणि जड असते, आवाज छान अडवते, पण चिऱ्याला भोकं असतात. निदान आतून तरी तिला गिलावा हवा.

खिडक्यांत सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या सगळ्यात कच्च्या, कारण सरकायला जागा म्हणजेच फट. बिजागरीची, रबर लावलेली, घट्ट मिटणारी खिडकी घ्या. जुनी लाकडी खिडकी काढून टाकायची गरज नाही. तिच्या आतल्या बाजूला अर्ध्या वितीएवढं, साधारण १० सेंटिमीटर अंतर सोडून दुसरी काचेची झडप बसवा. दोन काचांमधलं हे अंतर मोठं असलं तरच खालचे आवाज थोडे अडतात. कारखान्यातून येणारी जोडकाच, जिच्यात अंतर बोटभरही नसतं, ट्रकच्या घरघरीला फारशी कामाची नाही. आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा स्पंज चिकटवू नका. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज मुळीच नाही. गाण्याच्या खोलीत तर थोडा घुमारा हवाच.

आता अडचण येते ती हवेची. खोली घट्ट बंद केली आणि आठ मुलं गायला बसली की पाऊण तासात हवा जड होते, मुलं जांभया द्यायला लागतात, सूर उतरतो. खोली सतत बंद ठेवू नका. वर्गाच्या मध्ये परसाकडची खिडकी उघडून सगळ्यांना बाहेर आंब्याखाली पाठवा. घरात हवा खेळवायला बरेच जण मागच्या भिंतीला एक्झॉस्ट फॅन लावतात. रस्त्यालगतच्या घरात तो तोटा करतो: तो मागून हवा बाहेर फेकतो आणि तितकीच हवा पुढच्या फटींतून, रस्त्याकडून ओढून घेतो. पंखा मागच्या खिडकीत आत हवा फेकेल असा लावा. मग घरातली हवा रस्त्याच्या बाजूने बाहेर ढकलली जाते आणि धूर आत यायला वाव राहत नाही.

हवा शुद्ध करणारं यंत्र सगळ्यांनी घ्यावं असं माझं मत नाही. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर विचार करा. घेताना खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणून त्याची पाचपट करा. यंत्राची तासाची क्षमता निदान तेवढे घनमीटर हवी. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीला ती १७० येते. यंत्रातली हेपा नावाची बारीक गाळणी धूळ पकडते, धुरातले वायू ती पकडत नाही. कुंडीतल्या झाडांनी खोलीची हवा शुद्ध होते ही समजूत सोडून द्या, झाडं आवडीसाठी लावा. केरसुणीने कोरडा केर काढला की बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते, म्हणून या खोलीत फक्त ओल्या फडक्याने पुसणं, तेही मुलं यायच्या बरंच आधी.

अंगणात कुंपण घालणार असाल तर दोन गोष्टींत गल्लत करू नका. जास्वंदीची किंवा मेंदीची दाट वई पानांवर धूळ झेलते, आवाज मात्र जवळजवळ तसाच येऊ देते. आवाजाला भरीव भिंत लागते, आणि तीही इतकी उंच की तुम्ही बसता तिथून गाडीचं चाक आणि इंजिन दिसता कामा नये. दिसलं तर ऐकू येणारच. जमलं तर दोन्ही करा, रस्त्याकडे वई आणि आत भिंत.

येता-जाताना

माझे बरेच विद्यार्थी कदंबने, म्हणजे सरकारी बसने येतात, काही पायलटच्या (भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या) मागे बसून, मोठी मुलं स्कूटरवर. त्यांना मी सांगते की बसस्टँडवर सुटणाऱ्या बसच्या मागे उभे राहू नका, बाजूला चार पावलं सरका. चढावर ट्रकच्या मागे लागून चालवू नका, थोडं मागे राहा. चढावरच तो सगळ्यात जास्त काळं ओकतो. रुमाल किंवा ओढणी नाकाला बांधून बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मास्क कडेने घट्ट बसला तर अडवतो, मात्र वायूंना तो काही करत नाही. मोटारीत असाल तर गर्दीत हवा आतल्या आत फिरवणारं बटण लावा आणि मोकळा रस्ता आला की बंद करा, नाहीतर गाडीतली हवा शिळी होते. पोचल्यावर लगेच गायला बसवू नका. पाणी पिऊ द्या, थोडं बसू द्या.

आपली गाडीही रस्त्यावरच असते. पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचं प्रमाणपत्र नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, पुढे जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी आणि बीएस-४, बीएस-६ या अलीकडच्या धूर-मानकांच्या गाड्यांना वर्षाने काढावं लागतं. पण प्रमाणपत्र आहे म्हणून डोळे मिटू नका, त्या तपासणीत बारीक कण मोजलेच जात नाहीत. धुराचा रंग स्वतः बघा. डिझेल गाडी काळा धूर टाकत असेल तर एअर फिल्टर तुंबलेला किंवा इंजेक्टर खराब. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे. मेकॅनिकला 'धूर येतो' एवढंच न सांगता रंग सांगा, तो नेमका हात घालील.

मुलांना न्यायला येणारे पालक दारात इंजिन चालू ठेवून थांबतात आणि हॉर्न देऊन मुलाला बोलावतात. मी फाटकावर पाटी लावली: इंजिन बंद करा, घंटा वाजवा. आणि प्रत्येक नव्या पालकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगते की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करणंच पेट्रोलला स्वस्त पडतं आणि तो धूर तुमच्याच मुलाच्या तोंडावर येतो. शेवटचं वाक्य लगेच पटतं. शिकवणीवर्ग, बालवाडी, दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येकाने अशी पाटी लावावी.

तक्रार कशी करावी

कागदावरचा कायदा आपल्या बाजूचा आहे, तो वापरा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल; रात्र म्हणजे दहा ते सहा. पहाटे पाचचा रियाज रात्रीतच मोडतो, हे विसरू नका. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे मर्यादा ५० आणि ४०. शांतता क्षेत्रात कधीही आणि निवासी भागात रात्री, आणीबाणी सोडून हॉर्न वाजवायला बंदी आहे. विनाकारण हॉर्न किंवा सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडणं, याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १००० आणि पुन्हा केल्यास २००० रुपये दंड. सायलेन्सर बदलून आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला कलम १९०(२) लागतं, तिथे दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो.

मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबलने जास्त असेल किंवा रात्रीचा निर्बंध मोडला असेल तर कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. ती जिल्हाधिकारी किंवा पोलीस उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्याकडे द्या. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, तेव्हा आमचा अर्ज मडगावला जातो. एक प्रत साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या आणि अधिकृत यंत्राने मोजणी करण्याची विनंती त्यात स्पष्ट लिहा.

'वाहतुकीचा फार त्रास होतो' असा अर्ज लिहू नका, तो फाइलमध्ये पडून राहतो. तारीख, वेळ, जागा, कुठला आवाज, गाडीचा नंबर दिसला असेल तर तो, आणि तुम्हाला नेमकं काय हवं ते. मागणी एका माणसाला करता येईल एवढी लहान ठेवा. आमच्या घरासमोरचं गटाराचं झाकण सैल होतं आणि प्रत्येक चाकाला वाजायचं. वाहतूक कमी करा असं मागितलं असतं तर काहीच झालं नसतं. मी फक्त झाकण बसवून मागितलं, खालच्या बाजूने फोटो जोडला, आठवण करत राहिले. पाठपुरावा लांबला, पण झाकण पक्कं बसलं, आणि त्या एका कामाने रात्रीची झोप जितकी सुधारली तितकी कुठल्याही काचेने सुधारली नव्हती. असंच आणखी काय मागता येतं? 'हॉर्न वाजवू नये' पाटी, खोदकामाच्या जागी दिवसातून ठरावीक वेळा पाणी मारणं, मातीच्या ट्रकवर ताडपत्री, शाळेच्या खिडकीखालचा बसथांबा थोडा पुढे नेणं. खेड्यात असाल तर हे ग्रामसभेत मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते तिथेच वाचून घ्या. तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणती कारवाई झाली, फाइल सध्या कोणाकडे आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आलं नाही किंवा टोलवाटोलवीचं आलं, तर त्यानंतरच्या तीस दिवसांच्या आत त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, आणि अपिलाला मूळ अर्जाची पोच जोडायला विसरू नका.